चौघांनी उचललं म्हणजे सोय झाली का?

वाचकाचं पत्र: माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताब्यात नसतात. तो व्हीलचेअरवर असतो, त्याचं बोलणं फक्त घरच्यांना कळतं. अधूनमधून फिट येते, त्याच्या गोळ्या चालू आहेत. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, पण कित्येक वर्षं वास्कोत राहतो. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी (चर्च) लहान आहे, पण उपासनेचा हॉल स्वतःचा आहे. दारात तीन पायऱ्या आहेत. दर रविवारी चौघे जण त्याला खुर्चीसकट उचलतात आणि शेवटच्या रांगेमागे, चपलांच्या कपाटाजवळ नेऊन ठेवतात. शब्बाथशाळेच्या (मुलांच्या बायबल-वर्गाच्या) ताई म्हणतात, "त्याला काही कळत नाही, तुमच्याजवळच असू दे." मागच्या महिन्यात बाहेरून आलेल्या प्रचारकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि मला विचारलं, "तुमचा विश्वास गोळ्यांवर की प्रभूवर?" नाताळाआधी हॉलची दुरुस्ती निघाली आहे. रॅम्पचा विषय काढला तर मंडळीचा कारभार बघणारे पंच म्हणाले, "एका मुलासाठी एवढा खर्च?" मिस्टर म्हणतात, घरीच यूट्यूबवर उपासना बघू. मुलगा मात्र रविवारी सगळ्यांच्या आधी उठून बसतो. काय करू? (एक आई, वास्को)

ताई,

तुमचे प्रश्न बरेच आहेत. त्यातला गोळ्यांचा आधी घेऊ, कारण तो पुढच्या रविवारपर्यंतही थांबवता येणार नाही.

फिटच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. डोस कमी करायचा झालाच तर तो हळूहळू करतात, आणि ते डॉक्टर ठरवतात; पाहुणे प्रचारक नाहीत, पाळकसाहेब (पास्टर) नाहीत, तुम्हीही नाही. पाळकसाहेबांना वेगळं भेटून एवढंच मागा: व्यासपीठावरून कोणीही कोणाला औषध सोडायला सांगणार नाही, आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ही अट आधी कळवली जाईल. मंडळीत बीपीच्या, साखरेच्या गोळ्या घेणारे कितीतरी असतील. त्यांना कोणी असा प्रश्न विचारत नाही, हेही त्यांच्या लक्षात आणून द्या.

प्रार्थना नको असं तुम्ही म्हणत नाही, हे आम्हाला कळतं. पण ती करायची रीत आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांचं अंग मोठ्या आवाजाने किंवा अवचित स्पर्शाने ताठ होतं, हात-मान वाकडी होते. मागून येऊन कोणी डोक्यावर हात ठेवून ओरडलं की हे होणारच. बघणाऱ्यांना वाटतं 'काहीतरी निघतंय'. निघत काहीच नाही, मूल दचकलेलं असतं. ज्याला प्रार्थना करायची आहे त्याने समोर येऊन, खुर्चीच्या उंचीला बसून मुलालाच विचारावं, "तुझ्यासाठी प्रार्थना करू का? कशासाठी करू?" त्याचा होकार-नकार कसा ओळखायचा ते तुम्ही सांगा. कदाचित तो चालता येण्यासाठी नव्हे, तर गणिताच्या पेपरासाठी प्रार्थना मागेल.

'विश्वास कमी पडला', 'कोणाचं तरी पाप आहे' अशी कुजबुज होत असेल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पाळकसाहेबांसमोर ठेवा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. यावर एक उपदेश व्हायला हरकत नाही. फक्त त्या दिवशी तुमच्या मुलाकडे बोट दाखवून उदाहरण द्यायचं नाही, एवढं आधी ठरवून घ्या.

फिटबद्दल मंडळीतल्या दोन माणसांना शिकवून ठेवा, शक्यतो नेहमी हजर असणाऱ्यांना. फिट आली की घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. खुर्चीत असेल तर ब्रेक लावून पट्टा राहू द्यायचा, डोक्याला हाताचा आधार द्यायचा आणि लाळ बाहेर येईल असं डोकं एका कुशीला ठेवायचं. श्वास अडतोय असं वाटलं तर खाली उतरवून कुशीवर झोपवायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन. त्याच्या डॉक्टरांनी याहून लवकर काही करायला सांगितलं असेल तर तेच खरं. गोळ्यांची नावं आणि डोस एका कार्डावर लिहून खुर्चीच्या मागच्या पिशवीत ठेवा.

आता पायऱ्या. चौघांनी उचलणं यात प्रेम आहे, ते नाकारू नका. पण ती सोय नव्हे. चौघांपैकी दोघे सुट्टीवर गेले की तुमचा मुलगा दाराबाहेर, आणि त्याला मध्येच बाहेर यायचं असेल तर पुन्हा चौघांना उठवायचं. शिवाय चौघांनी चार बाजूंनी धरलं की कोणीतरी हमखास हात टेकायचा दांडा किंवा पाय ठेवायची पाटी धरतं. बऱ्याच खुर्च्यांत हे भाग सुटे असतात, आणि ऐन पायरीवर ते हातात येतात. रॅम्प होईपर्यंत असं करा: मुलाला आधी सांगा, पट्टा लावा, खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे करा. वर एक जण मागचे दोन्ही दांडे धरून खुर्ची मागच्या मोठ्या चाकांवर कलती करेल, खाली एक जण पुढून खुर्चीचा मुख्य सांगाडा धरेल. एकाच माणसाने आकडे मोजायचे आणि एकेक पायरी चाकं टेकवत वर घ्यायची. तीन पायऱ्यांना दोन दणकट माणसं पुरतात. उतरताना हीच क्रिया उलटी, मुलाची पाठ हॉलकडेच.

रॅम्पचं माप पंचांच्या बैठकीआधी तुमच्या हातात हवं. पायऱ्या मोजून अंदाज बांधू नका. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, एक टोक आतल्या लादीपाशी, दुसरं जिथून रॅम्प सुरू होणार तिथे, आणि दोन पातळ्यांतला फरक टेपने मोजा. अंगणाला उतार असतो, त्यामुळे पायऱ्यांची बेरीज आणि खरी उंची यांत चार-पाच सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. उतार १ ला १२. म्हणजे उंची ४८ सेंटीमीटर निघाली तर रॅम्पची लांबी ५७६ सेंटीमीटर, आणि वर-खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा वेगळी. एकूण पावणेनऊ मीटर. हा आकडा ऐकून कोणीतरी म्हणणारच, "दोन मीटरची पत्र्याची फळी टाकू." दोन मीटरवर ४८ सेंटीमीटर चढ म्हणजे १ ला ४ च्या आसपास. त्यावरून खुर्ची मागे उलटते, आणि उतरताना ढकलणाऱ्याच्या हातातून सुटते.

अंगणात सरळ पावणेनऊ मीटर मिळत नसतील तर रॅम्प वळवा: दोन मीटर ८८ सेंटीमीटरचे दोन तुकडे, मध्ये खुर्ची पूर्ण वळेल एवढी, निदान दीड मीटर खोल सपाट जागा. त्याआधी मात्र हॉलची सगळी दारं मोजा. वास्कोत चढावरचे प्लॉट बरेच आहेत. चढावरच्या इमारतीच्या बाजूच्या दाराला कित्येकदा एकच पायरी असते. तिथे २० सेंटीमीटर उंची निघाली तर २ मीटर ४० मध्ये काम होतं आणि खर्च निम्म्याच्या खाली येतो. एकच अट: ते दार भांडी घासायच्या मोरीकडून जाणारं नको, आणि त्या दाराने इतरांनीही यायला हवं.

रॅम्पची मोकळी रुंदी १ मीटर २० ठेवा. दोन्ही कडांना ७.५ ते १० सेंटीमीटर उंचीची कड बांधून घ्या, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही. दोन्ही बाजूंना कठडे, ९० सेंटीमीटरवर एक दांडा आणि ७५ च्या आसपास दुसरा. दोन्ही दांडे रॅम्पच्या टोकांपुढे ३० सेंटीमीटर जाऊ द्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधा लोखंडी कठडा रंगवूनही लवकर गंजतो, ३०४ नंबरच्या स्टीललाही डाग पडतात. परवडलं तर ३१६ नंबरचं घ्या. नाहीतर जीआयचा (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप घ्या आणि दरवर्षी पावसाळ्याआधी रंगवायचं काम कोणाच्या तरी नावावर लावा.

सगळ्यात जास्त चूक होते ती पृष्ठभागात. हॉलच्या उरलेल्या गुळगुळीत लाद्या रॅम्पवर बसवण्याचा मोह कंत्राटदाराला आवरत नाही. जूनमध्ये त्यावरून म्हाताऱ्या बायका आधी घसरतील, खुर्ची नंतर. सिमेंट ओलं असताना काडीच्या झाडूने उताराला आडव्या रेघा ओढायच्या, बस्स. चिऱ्याचा उघडा पृष्ठभागही नको, त्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं. पत्र्यावरून गळणाऱ्या पागोळ्या रॅम्पवर पडत असतील तर आधी पन्हळ लावा. पाणी जायची जाळी असेल तर तिच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा अरुंद आणि चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर पुढचं छोटं चाक त्यात अडकतं. पावसाचे चार महिने आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडरने घासावं लागेल. आणि रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर लागणार, लिहून ठेवा. 'कृपया येथे' अशी पाटी लावून गोव्यात आजवर कोणी स्कूटर हलवलेली नाही. तिथे दोन कुंड्या ठेवा, मध्ये एक मीटरची वाट सोडून.

दाराचं बघा. दोन फळ्यांच्या दाराची एक फळी कडी लावून बंद असेल तर जेमतेम ६० सेंटीमीटर वाट उरते, आणि खुर्ची साधारण ६५ ची असते. दुसरी फळी उघडायला पैसे लागत नाहीत, फक्त कोणाला तरी ते सुचावं लागतं. मोकळी वाट ९० हवी. उंबरठा १२ मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर घासून उतरता करून घ्या.

आत बसायची जागा रॅम्पइतकीच महत्त्वाची. चपलांच्या कपाटाजवळ बसलेल्या मुलाला गीताच्या वेळी सगळे उभे राहिले की फक्त पाठी दिसतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेतला एक बाक अर्धा कापून घ्या किंवा दोन खुर्च्या कायमच्या काढा. ९० सेंटीमीटर रुंद आणि १ मीटर २० लांब जागा पुरते. ती मधल्या वाटेत नको, म्हणजे त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सरकावं लागणार नाही. स्पीकरच्या तोंडाशीही नको. शेजारी घरच्यांपैकी एकाला जागा हवी.

आणि संडास. याबद्दल बैठकीत कोणी बोलत नाही, पण बरीच कुटुंबं उपासनेनंतर चहाला न थांबता घरी जातात त्याचं कारण हेच असतं. दुरुस्तीत एका संडासाचं दार बाहेर उघडणारं, ९० सेंटीमीटर मोकळं करून घ्या. आत खुर्ची वळायला दीड मीटर, कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटीमीटर, बाजूला भक्कम दांडा. चिऱ्याच्या भिंतीत प्लॅस्टिकच्या गुट्ट्या ठोकून लावलेला दांडा पूर्ण वजन पडलं की गिलाव्यासकट हातात येतो. तो भिंतीच्या आरपार बोल्टने किंवा केमिकल अँकरने बसवायला सांगा. मग तिथे झाडू-बादल्यांचं गोदाम होऊ देऊ नका.

शब्बाथशाळेच्या ताईंवर रागावू नका, पण त्यांचं म्हणणं मान्यही करू नका. बोलण्याचे स्नायू ताब्यात नसणं आणि न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेरेब्रल पाल्सीत कित्येक मुलांची समज वयाला साजेशी असते. तुमचा मुलगा किती समजतो ते त्यांना तुम्ही दाखवायला हवं. एका रविवारी तुम्ही वर्गात बसा आणि हे तीन प्रकार करून दाखवा. प्रश्न हो-नाही उत्तराचा करायचा, आणि विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. शिक्षक साधारण दुसऱ्या सेकंदाला पुढच्या मुलाकडे वळतात. गोष्टीतली चार चित्रं पुठ्ठ्यावर लावून "आधी काय झालं?" विचारायचं, तो बोटाने नाहीतर नजरेने दाखवेल. आणि आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप फोनवर घ्यायचं. त्यात चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोललं जातं. बोट नेमकं पडत नसेल तर आधी मोठ्या चित्रांचा पुठ्ठा वापरा. पाठांतराचं वचन पाठ म्हणता येत नसेल तर त्याच्या बहिणीच्या किंवा मित्राच्या आवाजात रेकॉर्ड करा, त्याची पाळी आली की तो बटण दाबेल. दोन-तीन रविवारांनंतर तुम्ही वर्गातून बाहेर पडायचं. हे अवघड जाईल, ताई, तुम्हालाच जास्त. पण आई शेजारी असली की बाकीची मुलं त्याच्याशी न बोलता तिच्याशी बोलतात.

मुलं विचारतील, "हा असा का?" सरळ उत्तर द्या: "जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली, म्हणून हातपाय ऐकत नाहीत. तुमचं बोलणं त्याला ऐकू येतं. खुर्ची ढकलायची असेल तर आधी त्याला विचारा." मोठ्यांना जे पाच वर्षांत पचत नाही ते मुलांना पाच मिनिटांत पचतं.

त्याला काम द्या, खरं काम, तो नसेल तर अडेल असं. दानार्पणाची थैली मांडीवर घेऊन एका रांगेतून जाणं, दारात कार्यक्रमपत्रिका देणं, रेकॉर्ड केलेला शास्त्रपाठ लावणं. नाताळच्या नाटुकल्यात त्याला गोठ्यात नुसता बसवून टाळ्या घेऊ नका. निवेदकाची वाक्यं त्याच्या फोनमधून येऊ द्या. घरोघरी गाणी म्हणायला निघाल तेव्हा मार्ग त्याच्या चाकांच्या हिशेबाने आखा: पहिली चार घरं सपाट रस्त्यावरची, आणि शेवटचा चहा तुमच्या घरी. ज्या घराला चढाच्या पायऱ्या आहेत त्यांनीच बाहेर यावं. वीस माणसं अंगणात गात असताना एका कुटुंबाने दहा पायऱ्या उतरायला काय हरकत आहे?

प्रभुभोजनाच्या वेळी गिळण्याचा त्रास होत असेल तर भाकरीचा अगदी छोटा तुकडा द्राक्षरसात भिजवून चमच्याने द्यावा, पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून प्याल्यातून पाजलं तर रस श्वासनलिकेत जातो. घरी पाण्यानेही ठसका लागत असेल तर आधी स्पीच थेरपिस्टला दाखवून घ्या.

मिस्टरांचा यूट्यूबचा पर्याय तापासाठी आणि रस्त्यात गुडघाभर पाणी भरलेल्या जुलैतल्या रविवारांसाठी राखून ठेवा. ते कंटाळले आहेत, आणि दर आठवड्याला मुलाला लोकांच्या हातात तोलून धरलेलं बघणं बापाला सोपं नसतं. रॅम्पच्या मोजणीला त्यांनाच नळीचं एक टोक धरायला लावा.

राहिले पंच. 'एका मुलासाठी' याला भावनेने उत्तर देऊ नका, यादी द्या. मंडळीत गुडघे दुखणारी किती माणसं कठडा शोधत पायऱ्या चढतात, गेल्या वर्षभरात कोण बाळाची गाडी घेऊन येत होतं, कोणाचं ऑपरेशन झालं, हे नावानिशी लिहा. हार्मोनियम, स्पीकरचे खोके, जेवणाची पातेली त्याच पायऱ्यांवरून जातात. अंत्यविधीची पेटीही. हे शेवटचं वाक्य बैठकीत कोणी बोलणार नाही, पण सगळ्यांना पटेल.

कायदा तुमच्या बाजूने आहे: दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, आणि त्यातल्या 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत धार्मिक कामासाठी लोक वापरतात अशा खासगी इमारतीही येतात. पणजीत राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. पण पहिल्याच बैठकीत कलमं वाचलीत तर रॅम्प होईल आणि बोलणं बंद होईल. ते पान पिशवीत राहू द्या. त्यापेक्षा पुढचा पर्पल फेस्ट (दिव्यांगांचा महोत्सव) भरेल तेव्हा दोन पंच आणि कंत्राटदार यांना पणजीला घेऊन जा. २०२३ च्या जानेवारीत तो पहिल्यांदा भरला. तिथे व्हीलचेअरवरची माणसं कोणाच्या मदतीशिवाय हिंडताना दिसतात. शंभर युक्तिवादांपेक्षा ते बघणं लवकर काम करतं.

अर्ज तोंडी नको, लेखी द्या, आणि सगळं एकाच अर्जात मागू नका. मजकूर एवढाच: "हॉलच्या चालू दुरुस्तीत पुढील कामं घ्यावीत ही विनंती. एक, बाजूच्या/पुढच्या दाराशी १ ला १२ उताराचा रॅम्प, मोजलेली उंची अमुक सेंटीमीटर, लांबी अमुक, सोबत नकाशा. दोन, एका संडासाचं दार ९० सेंटीमीटर करून बाहेर उघडणारं. तीन, दुसऱ्या रांगेत अर्धा बाक कमी. दोन गवंड्यांचे लेखी दर जोडले आहेत." खाली तुमच्या एकटीची सही नको. ज्यांचे गुडघे दुखतात त्या चौघी-पाच जणींच्याही घ्या, आणि दर रविवारी खुर्ची उचलणाऱ्या त्या चौघांच्याही. पाठदुखी त्यांची आहे, ते नाही म्हणणार नाहीत. गिलावा आणि लाद्यांची कामं सुरू व्हायच्या आत अर्ज द्या. लादी बसल्यावर दार रुंद करायचं म्हटलं की तेच काम दुप्पट पैशांत जातं, आणि मग "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर तयार असतं.